तोंडाला काही लावायचं नाही

“आज्जीऽऽ, डंक बंद कर! आधी बंद कर!”

तृप्ती अशी किंचाळत मागच्या दारातून आली की माझ्या हातातलं सूप मिरच्यांसकट खाली पडलं. चटणीचा हंगाम होता. मागच्या शेडात मिरची कुटायचा आमचा डंक सकाळपासून धडधडत होता आणि निम्म्या गडहिंग्लजच्या बायका डबे मांडीवर घेऊन अंगणात बसल्या होत्या. मिरचीचा खकाणा उडाला की शिंका सगळ्यांनाच येतात, त्यात नवल नाही. पण ज्या घरात लेकरं त्या खकाण्यातच रांगायला शिकली, त्या घरातली पोरगी दोन्ही हातांनी तोंड धरून नाचते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

तिनं रांजणातलं पाणी ओंजळीनं तोंडावर मारून घेतलं. मी हात बाजूला ओढून बघितलं. गाल असे लाल झालेले की मिरचीच्या ढिगावर ठेवले असते तर वेगळे ओळखू आले नसते.

“नवरीला तेज आलंय बघा आक्का,” डबेवाल्यांतली एक म्हणाली.

“तेज न्हवं, पोळलंय पोरीचं तोंड. तू तुझी मिरची बघ, निम्म्यांची देठं तशीच ठेवलीयस.”

मी डंक बंद केला आणि तिला दंडाला धरून आत नेलं. या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली असतील. तृप्ती माझ्या सदाची एकुलती पोरगी. कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून शिकली आणि कागलच्या विश्वजीतशी तिचं ठरलं. पोरगा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, बोलायला कमी, जेवायला चांगला. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या, लग्न महिन्यावर आलं होतं.

“काय लावलंस तोंडाला?” मी विचारलं.

“काही नाही.”

“काही न लावता असं होत असतं तर मी डंक कधीच बंद केला असता. काय लावलंस?”

तिची आई, म्हणजे माझी सून सुलभा, मध्ये पडली. “आक्का, लग्नाची पोरगी हाय. थोडंफार लावतीच की.”

“थोडंफार घेऊन ये इथं. बघू दे मला.”

थोडंफार म्हणजे पत्र्याचा अख्खा डबा निघाला. बिस्किटांचा मोठा असतो तसला. त्यात सकाळची क्रीम, रात्रीची क्रीम, डोळ्यांखालची वेगळी, मानेची वेगळी. गुलाबपाणी, मुलतानी माती, संत्र्याच्या सालीची पूड. तोंड खरवडायची एक दाणेदार पेस्ट होती, तिनं माझी तांब्याची कळशी लख्ख निघाली असती. वर सुलभा रोज संध्याकाळी बेसन आणि साय चोळत होती ते निराळंच, आणि शेजारच्या शेवंतानं लिंबू-मध सांगितला होता तोही चालू होता. एवढ्याशा तोंडावर एवढी माणसं राबत होती आणि कुणाला कुणाचा पत्ता नव्हता.

डब्याच्या तळाशी एक ट्यूब होती. पिळून पिळून चपटी झालेली.

“ही कसली?”

तृप्तीनं सुलभाकडं बघितलं, सुलभानं भिंतीकडं.

“मंदाआत्यानं दिली होती,” तृप्ती म्हणाली. “इचलकरंजीत सगळ्या लावतात.”

मंदा माझीच लेक. सल्ला द्यायला तिला कधी पैसे पडत नाहीत. मी ट्यूब पदराच्या टोकाला बांधली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन कातड्याच्या डॉक्टरणीकडं गेले.

डॉक्टरीण म्हणजे तृप्तीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल-नसेल. ट्यूब दोन बोटांनी उचलून तिनं नाव वाचलं आणि सुस्कारा टाकला.

“कधीपासून?”

“दोन वर्षं,” तृप्ती पुटपुटली.

“आजी, हे औषध आहे. गजकर्णासाठी म्हणून लोक दुकानातून नेतात. ह्यात स्टेरॉईड असतं. तोंडाला चोळत राहिलं की कातडी पातळ होत जाते. आधी छान दिसतं म्हणून कुणी सोडत नाही. मग ऊन सोसत नाही, वाफ सोसत नाही, मिरची तर नाहीच नाही.”

“मग आता?”

“आता हे बंद. बंद केल्यावर थोडे दिवस आणखी भडकेल, घाबरायचं नाही. मी गोळ्या देते. सकाळी ह्या साध्या फेसवॉशनं तोंड धुवायचं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. मग हे मॉइश्चरायझर लावायचं, म्हणजे कातडीचा ओलावा राहतो. बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री परत तोंड धुवून मॉइश्चरायझर. झालं.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“लेप वगैरे?”

“नाही.”

“काढा? कोरफड? चंदन तरी?”

“आजी, ह्या तोंडाला सध्या सगळ्यात मोठं औषध म्हणजे तुम्ही सगळ्यांनी हात लांब ठेवणं.”

मला मनातून रागच आला. एवढ्या लांब आलो, दीड तास बाकड्यावर बसलो, ते तोंड धुवा हे ऐकायला? पण बाई ठाम होती आणि ठाम माणसाशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. उठता उठता ती तृप्तीला म्हणाली, “सहा-सात महिने लागतील. मूळची कातडी, मूळचा रंग, सगळं परत येईल.”

ते ऐकून पोरीच्या डोळ्यांत घळघळा पाणी आलं. मला वाटलं, तोंडाची आग होतीय म्हणून.

घरी आल्यावर पहिला दंगा हळदीचा.

“तोंडाला हळद न्हाई?” सुलभानं कपाळाला हात लावला. “आवं आक्का, नवऱ्याची उष्टी हळद येणार कागलवरनं. चार बायका बघणार. लग्न हाय का काय हाय?”

“पायाला लावा, हाताला लावा. हळद काय पायाला लावल्यावर परत जाती काय कागलला?”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना चटणी कुटून पायजे का नको? मग गप बसतील.”

हळदीचं मिटलं. पण खरी कटकट पुढं सुरू झाली. आमच्या घरात कुणाला काही न करता बसता येत नाही. एकाला शिंक आली तर दोघी काढा उकळतात आणि तिसरी दृष्ट काढते. त्यात समोर पोरीचं तोंड रोज जास्तच लाल होत चाललेलं, हनुवटीवर पुटकुळ्या आलेल्या, कातडी फळाच्या सालीसारखी सुटत असलेली. शेवंता कोरफडीचं अख्खं पान कापून घेऊन आली. सुलभा सायीची वाटी पदराखाली लपवून न्हाणीकडं निघालेली सापडली.

“काय हाय ते?”

“साय. घरची हाय आक्का, आपल्या म्हशीची. ह्यानं काय हुतंय?”

“म्हशीला लाव.”

मंदाचा फोन आला. “आई, अगं कोल्हापुरात एक पार्लर हाय, तिथं…”

“तू तर बोलूच नको. तुझ्या ट्यूबीनं एवढं केलंय, आता पार्लर आणि कशाला?”

“सगळ्याच लावतात गं ती! मीबी लावते.”

“म्हणूनच दुपारचं ऊन तुला सोसत न्हाई आणि तोंड झाकून फिरतीस. आधी तूच जा डॉक्टरकडं.”

तिनं फोन आपटला. मी न्हाणीच्या दाराशी खुर्ची टाकली. सकाळ-संध्याकाळ तृप्ती तोंड धुवायची तेव्हा मी समोर बसायची. तिनं घासलं की मी ओरडायची. टॉवेलनं रगडलं की टॉवेल ओढून घ्यायची. डंक मी शेवंताच्या पोरावर सोपवला आणि मिरचीची गिऱ्हाइकं अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन बसवली. माझं वय खुर्ची टाकून पहारा द्यायचं नव्हतं. पण तीन बाटल्या आणि गोळ्यांचं पाकीट, एवढ्यावर हे घर थांबवायचं म्हणजे वळू बांधून ठेवण्यापेक्षा अवघड काम होतं.

एक आठवडा गेला असेल. एका सकाळी तृप्ती न्हाणीतून बाहेर आली आणि सुलभानं टाळी वाजवली.

“अगं बाई, उतरलं की! बघा आक्का, कसं छान झालं!”

खरंच उतरलं होतं. गाल गुळगुळीत, पुटकुळ्या बसलेल्या, तोंड पिठासारखं पांढरट. सदासुद्धा पेपर बाजूला ठेवून हसला. सगळे खूश. मला मात्र ते काही पटेना. काल संध्याकाळी जे तोंड विस्तवासारखं होतं ते एका रात्रीत असं गार कसं पडतं? माझ्या डंकावरचा मिरचीचा खकाणासुद्धा एवढ्या लवकर बसत नाही.

दुपारी मी सगळे पडल्यावर मागं गेले. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पोरगी उकिडवी बसलेली, हातात आरशाचा तुकडा आणि नवी कोरी ट्यूब.

“कुणी आणली?”

ती दचकली. मग एकदम ताठ झाली. पोरीचा ताठा माझ्याकडूनच गेलाय.

“मीच आणली. मैत्रिणीकडनं मागवली.”

“डॉक्टरणीनं काय सांगितलं होतं?”

“तिचं लग्न नाहीये पुढच्या महिन्यात!”

“अगं पण आग होत होती ना तुझी? रडत होतीस. उतरतंय हळूहळू, सांगितलंय तिनं. आणखी थोडं सोस की.”

“आगीचं काही नाही आज्जी. आग मी सोसीन.”

“मग कशाचं हाय?”

मी ट्यूब मागितली, ती देईना. ओढाताण झाली. त्यात आरसा पडला आणि तिचा संयम सुटला.

“उतरलं की काय होणार माहीत आहे तुला? डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना? मूळचा रंग परत येईल! विश्वजीतनं मला बघितलंय ते असं बघितलंय. त्याच्या आईनं सगळ्या कागलात सांगितलंय, सून गोरीपान आणली म्हणून. सोडलं की मी… मी तुझ्यासारखी दिसेन आज्जी!”

मी काळी आहे. सावळी म्हणायची पद्धत असते, पण मला आडवळणं आवडत नाहीत. माझ्या सासूनं मला पसंत केलं ते मी भरलेलं पोतं एकटीनं उचललं म्हणून. रंगाबद्दल बोलायला तिला सवड नव्हती आणि पुढं मलाही कधी मिळाली नाही. साठ-पासष्ट वर्षं हे तोंड घेऊन मी बाजारात भांडले, पंचायतीत बसले, दोन सुना आणि एक नवरा वळणावर आणला. आणि माझ्या नातीला ह्या तोंडाची एवढी भीती की त्यापेक्षा कातडी सोलून घेतलेली परवडली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिलाही कळलं. “आज्जी, मला तसं नव्हतं…”

“तसंच होतं. राहू दे.” मी ट्यूब तिच्या मुठीतून काढून घेतली. “माझ्यासारखी दिसायची भीती आहे ना? मग माझ्यासारखी वागायला तरी शीक. त्या पोराला बोलावून घेते.”

“काय?”

“उद्या. येऊन बघू दे.”

“तू लग्न मोडणार आहेस माझं!”

“मोडायचं असलं तर माझ्या घरात मोडू दे. मांडवात नको, आणि पोरंबाळं झाल्यावर तर त्याहून नको.”

सदानं डोकं धरलं, सुलभानं डोळ्याला पदर लावला. “पत्रिका वाटून झाल्यात आक्का,” एवढंच तो दोनदा म्हणाला. मी त्याच्याच फोनवरून विश्वजीतला फोन लावायला सांगितला. “जावईबापू, उद्या सकाळी या. एकटेच या. काम आहे.” तो “मला जरा… बरं, येतो,” म्हणाला. त्याचा तो ‘जरा’ मला आवडला नाही. कुणीतरी आधीच कान फुंकले की काय, असं वाटलं.

रात्रीतून तृप्तीचं तोंड पुन्हा पेटलं. सकाळी ती खोलीला आतून कडी लावून बसली. सुलभा दारावर थापा मारून थकली. मी म्हटलं, बसू दे. आतून येईल तेव्हा येईल.

विश्वजीत मोटरसायकलवरून आला. हेल्मेट काढलं, पण खाली डोळ्यांपर्यंत रुमाल बांधलेला तो तसाच. तसाच आत आला, तसाच वाकून नमस्कार केला, तसाच खुर्चीवर बसला.

“धूळ लई असती रस्त्यानं,” सदा म्हणाला.

“हो ना,” रुमालातून आवाज आला.

“घरात न्हाई धूळ,” मी म्हटलं. “पाणी घ्या.”

त्यानं पेला घेतला, रुमाल खालून दोन बोटं उचलला आणि पेला आत घालून पाणी प्यायला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीनं ह्याला तोंड दाखवावं म्हणून मी बोलावलेलं, आणि हाच नव्या नवरीगत झाकून बसलाय. आल्या आल्या जायची तयारी, असाच मी त्याचा अर्थ लावला.

तेवढ्यात कडी वाजली.

मी तिला हाक मारली नव्हती. हुकूम सोडायचा तो शब्द माझ्या तोंडातच होता. तृप्ती आपली आपण बाहेर आली. तोंड नुसतं धुतलेलं, वर मॉइश्चरायझरची चमक, बाकी काही नाही. गालावर लाल चट्टे, हनुवटीला पुटकुळ्या, कपाळाची कातडी सुटलेली आणि त्या सुटलेल्या कातडीखाली जिथं तिथं तिचा खरा रंग डोकावत होता. ती त्याच्या समोर उभी राहिली. मान वर होती.

“हे माझं तोंड आहे,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलं होतं ते ट्यूबीनं केलेलं होतं. दोन वर्षं लावत होते. आता बंद केलंय. हे बरं होईल, पण मी तशी गोरी परत दिसणार नाही. कधीच नाही. काय ठरवायचं ते आत्ताच ठरवा.”

सुलभा दाराआड हुंदका दाबत होती. सदा जमिनीकडं बघत होता. पोराचे नुसते डोळे दिसत होते आणि ते तिच्या तोंडावरून सरकत नव्हते.

“अहो, काहीतरी बोला की!” मला राहवेना. “हो म्हणा, नाही म्हणा. पोरगी किती वेळ उभी ठेवताय?”

त्यानं मानेमागं हात नेला आणि रुमालाची गाठ सोडली.

मी पुढं झाले आणि त्याचं तोंड बघितलं. दोन्ही गाल भाजलेल्या वांग्यासारखे, वाढलेल्या दाढीच्या खुंटांत फोड, नाकाचं टोक सोललेलं.

“अरे देवा,” मी म्हटलं. “इथं पण तेच?”

“सलूनवाल्यानं दिली ट्यूब,” तो खाली मान घालून म्हणाला. “साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा आई म्हणाली, सून एवढी गोरी आणि तू बाजूला कोळशागत उभा. लग्नात तरी जोडा शोभला पाहिजे. म्हणून लावायला लागलो. गेल्या आठवड्यापासून दाढी करता येईना, शोरूममध्ये रुमाल बांधून बसतो. काल तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, कुणीतरी सांगितलं तुम्हाला आणि आता लग्न मोडताय.”

“आम्ही?” सदाला एवढंच सुचलं.

तृप्तीच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती, आणि हसताना दोन्ही गाल हातानं धरत होती.

“हसवू नका,” ती म्हणाली. “ताणतंय.”

“माझंपण,” तो म्हणाला, आणि तोही हसायला लागला. दोघं समोरासमोर गाल धरून वेड्यासारखे हसत होते. घरात पाहुणा आलाय, लग्न मोडायला बसलंय, आणि हे असं.

मग तो थांबला. “एक विचारू? तू मूळची कशी आहेस?”

तृप्तीनं हसू गिळलं. क्षणभर तिची नजर खाली गेली, मग तिनं हात लांब करून माझ्याकडं बोट दाखवलं.

“आज्जीसारखी.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. निवांत बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी जन्मात कुणापुढं नजर खाली घातली नव्हती, तेव्हाही घातली नाही, पण पदर मात्र नकळत सारखा केला.

“असं असेल तर,” तो तिला म्हणाला, “मी एवढं कशाला रगडत बसलो?”

मी पदर कमरेला खोचला.

“उठा,” मी म्हटलं. “तुमच्या आईशी मी बोलते, तिची चिंता सोडा. दुपारी डॉक्टरणीकडं जायचं, दोघांनी. आत्ता आधी जाऊन तोंड धुवा. नुसतं पाणी. घासायचं नाही, टिपायचं. आणि सुलभा, ती साय परत आत नेऊन ठेव, मी बघितलीय.”